हँडल काढायची घाई नको

वर्धा, जुलै

प्रिय श्रीकांत,

तुझ्या छोट्या मिलिंग मशीनला मोटरी लावून ते कॉम्प्युटरवर चालवायचं मनावर घेतलंस, हे वाचून फार आनंद झाला. माझं मशीन आता तसंच चालतं, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच आहे.

सगळ्यात आधी, हँडल काढायची घाई करू नकोस. मोटरी बसवायच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा त्याच मशीनवर, हातानेच कापून घे. मशीन एकदा उघडलं की त्यासाठी दुसऱ्याच्या वर्कशॉपात जावं लागतं.

मग टेबलाला डायल लाव आणि हँडल उलटसुलट फिरवून बघ. दिशा बदलली की हँडल थोडं फिरतं, पण डायलचा काटा जागचा हलत नाही. हाच बॅकलॅश, म्हणजे प्ले. हाताने काम करताना आपण तो सवयीने सांभाळून घेतो. कॉम्प्युटरला तो दिसत नाही. गोल कापायला दिलास, की टेबल जिथे दिशा बदलतं त्या चार जागी कडेवर खूण उठते. स्टेपर मोटरचा एक फेरा म्हणजे सहसा 200 पावलं. स्क्रू एका फेऱ्यात टेबल 5 मिलिमीटर सरकवत असेल, तर पावलाला 0.025 मिलिमीटर पडतात. पण 0.2 मिलिमीटरचा प्ले असला, तर दिशा बदलताना पहिली 8 पावलं फुकट जातात! म्हणून आधी गिब पट्ट्या नीट बसव, स्क्रूची बेअरिंगं बघ, आणि जमलं तर साधा स्क्रू काढून बॉल स्क्रू घाल. कॉम्प्युटर ढिल्या मशीनला नेमकेपणा देत नाही, तो आपल्यालाच आधी आणावा लागतो.

दुसरं, लाईन जाण्याचं. साध्या स्टेपर मोटरीला स्वतःची जागा कळत नाही. काम अर्ध्यात असताना लाईन गेली की टेबल कुठे होतं याचा हिशोब पुसला जातो. म्हणून तिन्ही बाजूंना लिमिट स्विच लावच. लाईन आली की मशीन आधी आपल्या ठरलेल्या जागी जातं आणि तिथून पुन्हा मोजायला लागतं.

आता कंट्रोल कुठला घ्यायचा? ते मी एका जुन्या बक्षिसाच्या अटींवरून ठरवलं. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. किंमत 150 रुपयांच्या आत, यंत्र 20 वर्षं टिकलं पाहिजे आणि बदलायच्या भागांचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांवर जाऊ नये, अशा अटी होत्या. इथल्या मगन संग्रहालयातले चरखे बघताना मला त्या हटकून आठवतात. मी तीच कसोटी लावली. आर्डुइनोवर चालणारं जीआरबीएल किंवा लिनक्ससीएनसी, दोन्ही फुकट आणि खुली आहेत. मोटर नेमा 23 मापाची घे. एक बिघडली तर दुसऱ्या कंपनीची त्याच भोकांवर बसते. आपल्याला उघडता येणार नाही असा डबा घेऊ नकोस.

जुन्या मशीनवर एवढी मेहनत कशाला, असं कुणी म्हणालं तर बिनधास्त सांग, 1952 साली अमेरिकेत एमआयटीने जगाला दाखवलेलं आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीनसुद्धा सिनसिनाटी कंपनीच्या तयार मशीनमध्ये फेरफार करूनच बनवलेलं होतं. त्याला हुकूम मिळायचे कागदी फितीवरच्या भोकांतून.

डायलवर दोन्ही दिशांचा प्ले मोजून कळव, म्हणजे कुठला स्क्रू घ्यायचा ते ठरवू. प्लेटांची ड्रॉइंग मी पाठवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक