मामांची नामंजूर पेन्शन

आपल्या समाजात फौजेत गेलेली माणसे पुष्कळ. कुणाचे आजोबा, कुणाचे वडील, कुणाचा थोरला भाऊ. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ही मंडळी छातीवर पदके लावून पुढे चालतात, तेव्हा आपणही जरा ताठ चालतो. परंतु मिरवणूक संपल्यावर त्यांतला कोण रात्री कुठल्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसतो, याची चौकशी आपण फारशी करीत नाही. आमचे मामा त्यांपैकीच. १९८० साली पायदळात भरती झाले, २४ वर्षे नोकरी करून २००४ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि घरी आल्यावर तिसऱ्याच महिन्यात रात्रपाळीची शिट्टी गळ्यात अडकवली.

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डापुढे उभे राहावे लागते. मामांच्या बोर्डाने लिहिले : उच्च रक्तदाब, अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि त्याखाली एक ओळ टाकली की, हा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही व सेवेमुळे वाढलेलाही नाही. सगळे पाणी मुरते ते या एका ओळीत. सेवेची पेन्शन ठरते नोकरीच्या वर्षांवर, ती मामांना लागू झाली. अपंगत्वाची रक्कम निराळी. तिला दोन अटी : अपंगत्व किमान २० टक्के हवे, आणि ते सेवेमुळे झालेले किंवा वाढलेले हवे. पहिली अट मामांनी पुरी केली. दुसरी त्या ओळीने तोडली.

नामंजुरीचे पत्र आले ते इंग्रजीत. सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल, असे त्यात शेवटी छापले होते. सातवी शिकलेल्या माणसाला ते कोण वाचून दाखवणार? मामांनी पत्राची घडी केली आणि मामींकडे दिली. मामींना अक्षर येत नाही, पण कागद टाकायचा नाही एवढे त्यांना पक्के ठाऊक. डिस्चार्ज बुक, पीपीओ, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, हे पत्र, सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी पेटीच्या तळाशी ठेवले. पुढे त्या पिशवीवरच सगळा खटला उभा राहिला.

२०१५ साली मामांना रात्री ड्यूटीवर चक्कर आली. त्यानंतर आम्ही ती पिशवी मागवली. आम्ही कारकून माणूस, बी. कॉम. झालेले. दुसऱ्यांच्या फाइली वाचण्यात जन्म गेला. घरातली फाइल वाचायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो मामांची समजूत घालायला.

“तिकडं काय मी भीक मागाया गेलो नव्हतो,” ते म्हणाले, “आणि मला अपंग म्हणून लिहून घ्यायचं नाही. हातपाय धड हायेत माझे.”

या शब्दाचा सल फौजी माणसाला किती असतो, हे ज्याच्या घरी फौजी आहे त्यालाच कळेल. आम्ही म्हटले, “मामा, बोर्डाने तुम्हाला अपंग लिहिलेच आहे, ते आता पुसले जात नाही. फक्त त्याचे पैसे द्यायचे नाकारले आहे.” शिवाय त्यांना गोपाळबाबा वलंगकरांची आठवण दिली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. इंग्रज सरकारने आपल्या माणसांची लष्करभरती बंद केली, तेव्हा १८९० नंतरच्या त्या दशकात सरकारदरबारी अर्ज लिहायला याच निवृत्त शिपायाने लेखणी उचलली. फौजी माणूस अर्ज करीत नाही, हे कुणी सांगितले? मामा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दाढी करून, फोटो काढून आले.

पहिले काम माहितीच्या अधिकाराचे. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज केला आणि तीन गोष्टींच्या प्रती मागितल्या : भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, कुठे कुठे बदल्या झाल्या त्याची नोंद आणि निवृत्तीच्या बोर्डाची पूर्ण कार्यवाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका जुन्या सुभेदारसाहेबांनी मसुदा तपासून दिला, एक पैसा घेतला नाही.

कागद आले आणि चित्र स्वच्छ झाले. भरती होताना मामा शेप-१, म्हणजे सर्व बाजूंनी तंदुरुस्त. कसलाही आजार नोंदलेला नाही. मधल्या काळात १९८७ साली श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर, पुढे काश्मीरच्या उंच चौक्यांवर दोन वेळा. १९९९ साली रक्तदाब प्रथम आढळला. बोर्डाचे म्हणणे असे की, त्या वेळी ते शांत ठाण्यावर होते, सबब सेवेशी संबंध नाही. तारखा जुळवून पाहिल्या तर त्या शांत ठाण्यावर येऊन त्यांना चारच महिने झाले होते! त्याआधी अडीच वर्षे चौकीवर. रक्तदाब काय गाडीतून उतरल्यावर सुरू होतो?

आम्ही अपील केले. ते मुदतबाह्य म्हणून परत आले. तेही नीट पिशवीत ठेवले, कारण पुढच्या दरवाजात जाताना मागचा दरवाजा बंद झाल्याचा कागद दाखवावा लागतो.

हा पुढचा दरवाजा म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २००९ पासून सुरू झाले. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. पूर्वी शिपायाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. फौजेतूनच निवृत्त झालेले एक वकील मिळाले, फी हप्त्याने घ्यायला तयार झाले. ज्यांना तेही झेपत नाही त्यांच्यासाठी सांगतो : १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रीला आणि अपंगाला मोफत वकील मागता येतो. बौद्धांना १९९० साली अनुसूचित जातींत धरले गेले, तेव्हा जातीचा दाखला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाण्यास संकोच करू नये.

वकिलांनी आधार घेतला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या धरमवीर सिंग निकालाचा. हा मनुष्यही साधा शिपाई. १९८५ साली भरती झाला, फिट्सचा आजार झाला म्हणून १९९४ साली घरी पाठवला, अपंगत्व २० टक्के, आणि कागदावर तीच ओळ. न्यायालयाने १९८२ चे नियम उलगडून सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असेच धरायचे. आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर, शिपायावर नव्हे. शंका असेल तर फायदा शिपायाला. आणि आजार भरतीच्या वेळी दिसण्याजोगा नव्हता असे बोर्डाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे लिहिली पाहिजेत.

मामांच्या बोर्डाने कारणे लिहिलीच नव्हती. सरकारी वकील म्हणाले, रक्तदाब हा राहणीमानाचा आजार आहे. आमच्या वकिलांनी भरतीचा कागद पुढे केला आणि विचारले, हे राहणीमान १९ वर्षे कुणाचे होते?

२०१८ साली निकाल मामांच्या बाजूने लागला. आजार सेवेने वाढला असे मानले आणि ३० टक्के अपंगत्व ५० टक्के धरायला सांगितले. हे ५० टक्के कुठून आले, असे वस्तीत अनेकांनी विचारले. ५० टक्क्यांहून कमी असेल तर ५० धरायचे, असा नियम आहे. तो पूर्वी आजारामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांनाच लावीत. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. हिशेब सांगतो. पूर्ण १०० टक्के अपंगत्वाला अखेरच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. म्हणजे ३० टक्के अपंगत्वाला रुपयामागे ९ पैसे, ५० टक्के धरले तर १५ पैसे. वर महागाई निराळी. ज्याच्या घरी महिन्याच्या २० तारखेला डबे वाजतात त्याला हे ६ पैसे लहान नाहीत.

परंतु दुसरा हिशेब कडू आहे. अर्ज २०१६ साली दाखल झाला, म्हणून थकबाकी मिळाली २०१३ पासूनची. उशिरा आलेल्याला दाखल तारखेच्या मागची तीनच वर्षे मिळतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेम सिंग प्रकरणात ठरवले आहे. मामांची जवळजवळ ९ वर्षे बुडाली. त्या ९ वर्षांत थोरलीची बारावीनंतरची शाळा सुटली, ती आता शिवणकाम करते. निकालाची प्रत पाहून ती एवढेच म्हणाली, “कागद इंग्रजीत नसता तर?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

निकालानंतरही पैसा लगेच आला नाही. अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागला, २०१९ उजाडले. पैसे जमा झाले त्या महिन्यात मामांनी रात्रपाळी सोडली. मामींनी पिशवी मात्र टाकली नाही, त्यात बँकेचे पासबुक वाढले.

एक खुलासा. २१ सप्टेंबर २०२३ नंतर जे निवृत्त झाले त्यांना २०२३ चे नवे नियम लागू आहेत, तेव्हा त्यांनी मामांचा दाखला जसाच्या तसा न लावता आपले कागद नव्या नियमांशी ताडून पाहावेत. त्याआधी निवृत्त झालेल्यांनी बोर्डाची कार्यवाही मागवावी आणि ती एक ओळ शोधावी.

सध्या आमच्याकडे मागच्या गल्लीतल्या एका वहिनींचे काम आहे. नवरा नाईक होता, पाठीच्या दुखण्याने निवृत्त झाला, अपील न करताच वारला. त्याच्या हयातीतली थकबाकी वारस म्हणून मागायची आहे. डिस्चार्ज बुक मिळाले. बोर्डाच्या कागदांसाठी माहितीचा अर्ज गेल्या सोमवारी टाकला आहे. पोस्टाची पावती घेऊन मामाच आले होते.