गुरूच्या गायकवृंदाचे नाव

इतिहास दफ्तरांत शोधण्याची मला सवय. बार्सेग कानाच्यान यांच्या चरित्राने ती मोडली. १८८५ साली रोदोस्तो येथे जन्मलेले हे आर्मेनियन संगीतकार कोमितास यांचे शिष्य. खेड्यापाड्यांतील लोकगीते टिपून घेणाऱ्या कोमितास यांनी इस्तंबूलमध्ये ‘गुसान’ हा गायकवृंद उभारला होता. गुसान म्हणजे तिकडचे शाहीर. २४ एप्रिल १९१५ रोजी कोमितास यांना अटक झाली. ते जिवंत परतले, पण मनाने कायमचे उद्ध्वस्त होऊन.

पुढे कानाच्यान यांनी बैरूतमध्ये गायकवृंद स्थापला आणि नाव ठेवले तेच, ‘गुसान’. १९६७ साली ते बैरूतमध्येच निवर्तले. त्यांनी संगीतबद्ध केलेले गीत आज आर्मेनियाचे राष्ट्रगीत आहे.

गावे उजाड झाली, तरी कंठस्थ गाणी निर्वासितांबरोबर चालत राहिली. इतिहासाचे तेही एक दफ्तरच.