आजोबांचा लायटर

टेंभी नाक्यावरच्या देवीचा मांडव उतरला, की आमच्या घरी माळ्यावरचे पितळ उतरते. समया, तबके, आजीचे घंगाळ, कुणीच न वापरलेला पानाचा डबा. चिंच, राख आणि काथ्या घेऊन बायकामाणसे घासायला बसली, की पुरुषांनी तलावपाळीला एक फेरी मारून यावे हे शहाणपणाचे. काही वर्षांपूर्वी अशीच फेरी मारून मी परतलो, तो ओळीने मांडलेल्या भांड्यांच्या टोकाला एक बोटभर वस्तू सोन्यासारखी झळकत होती. आजोबांचा लायटर! माझ्या काळजात धस्स झाले.

वाचकहो, एरवी घरात आवाज चढवणारा माणूस मी नव्हे. पण जुने लायटर जमवण्याचा मला नाद आहे आणि या नादाचा पहिला नियमच असा, की पितळ घासायचे नाही. वर्षानुवर्षांचा काळपटपणा हा त्याचा जन्मदाखला असतो. मी तसे बोललो, तर सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, चिंचच लावली आहे. रंधा नाही मारला."

हा नाद मला लागला तो त्या लायटरमुळेच. दोन्ही महायुद्धांत शिपायांनी रिकाम्या काडतुसांपासून असे लायटर केले. .३०३ ची गोळी सुटली, की मागे सुमारे ५६ मिलिमीटर लांबीची पितळी नळी उरते. तिच्यात कापूस कोंबायचा, तोंडातून वात काढायची. कडेला दुसरी बारीक नळी डाखाने जोडायची. तिच्यात स्प्रिंग आणि चकमकीचा खडा, वर दातेरी चाक. पेट्रोलचे चार थेंब घातले की काम झाले. इंग्रजीत या कारागिरीला 'ट्रेंच आर्ट', म्हणजे खंदकातली कला, म्हणतात. पण नाव फसवे आहे. भर खंदकात डाख द्यायला कुणाला सवड? पुष्कळशा वस्तू घडल्या त्या पिछाडीच्या कार्यशाळांत, इस्पितळांत आणि कैद्यांच्या छावण्यांत. युद्ध संपल्यावर व्यापाऱ्यांनीही त्या केल्याच.

मुंबईच्या चोरबाजारात अशी वस्तू दिसली, की दुकानदार ती शपथेवर पहिल्या महायुद्धातली ठरवतो. त्याला दुखवू नये. वस्तू हातात घ्यावी. जिथे अंगठा पडतो तिथे झीज हवी आणि जिथे बोट पोचत नाही तिथे मळ हवा. सगळीकडे सारखाच काळा रंग असला, तर तो काळाने नव्हे, रसायनाने दिलेला. डाख जरा ओबडधोबड असावा, कानशीचे ओरखडे दिसावेत. कुणी १८५७ सालचा लायटर दाखवला, तर हसून पुढे चालावे. कारण ज्या मिश्रधातूच्या खड्यातून ही ठिणगी उडते, तो ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली काढला. शेवटी बूड पाहावे. तिथे कारखान्याची अक्षरे आणि बहुधा सालही असते. मात्र ते साल काडतुसाचे. लायटर त्याच्या नंतरचा असू शकतो, आधीचा कदापि नाही.

हे सारे नियम मी दुसऱ्यांच्या लायटरांना लावत आलो. आजोबांच्या लायटरला ते लावण्याची गरजच नव्हती. त्याचा इतिहास घरात सर्वांना पाठ होता. आजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले. कुत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला आणि १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपाशी फौजेने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांतून आजोबा जिवंत परतले. त्या कैदेत, पहारेकऱ्याची नजर चुकवून, घोड्याच्या नालेच्या खिळ्याने त्यांनी हा लायटर घडवला. दिवाळीत आमच्या फुलबाज्या त्याच्यावर पेटवताना ते ही हकीकत सांगत आणि आम्ही पोरे तो खिळा जणू डोळ्यांनी पाहत असू.

लायटरच्या बुडावर काजळीचा आणि तेलाचा घट्ट थर होता. नियमाप्रमाणे मी त्याला कधी हात लावला नव्हता. चिंचेला नियम ठाऊक नव्हता. मी भिंग लावले. 'के', 'एफ' आणि '४३'.

खडकीला इंग्रज किर्की म्हणत. ती अक्षरे तिथल्या दारूगोळा कारखान्याची आणि साल १९४३. कुतची शरणागती होऊन तेव्हा सत्तावीस वर्षे लोटली होती!

ती दिवाळी मला गोड लागली नाही. दुकानदार खोटे बोलला तर त्याचे पोट त्यावर असते. पण पेन्शनीच्या पैशापैशाचा हिशेब लिहून ठेवणाऱ्या माझ्या आजोबांनी खोटे का बोलावे? कुणाला काही सांगायचे नाही, असे मी ठरवून टाकले.

भाऊबीजेला आत्या आली. वय पंचाऐंशी. माझे वडील गेल्यापासून ती त्यांच्या जागी मलाच ओवाळी. टेबलावरचा झळकता लायटर तिने उचलला, उलटा केला आणि चष्मा न लावताच म्हणाली,

"निघाला वाटतं आकडा."

"आत्या, तुला ठाऊक होतं?"

"दादाचा आहे तो."

दादा म्हणजे माझे थोरले काका. तेही मराठा पलटणीतले. ज्या इटलीत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, त्याच इटलीत त्याच वर्षी काका गेले. घरात त्यांचा फोटो होता. त्यांच्याविषयी बोलणे नव्हते.

"तार आली, आणि पुष्कळ दिवसांनी पुडकं आलं," आत्या सांगू लागली. "आई तेव्हा कुठे दोन घास खायला लागली होती. आप्पांनी पुडकं माझ्यासमोर सोडलं. कपडे ट्रंकेच्या तळाशी घातले. हा मात्र त्यांच्यानं ठेववेना. खिशात टाकला. आईनं विचारलं तर म्हणाले, माझाच आहे, कुतचा, जुन्या सामानात सापडला. मला म्हणाले, तू बोलायचं नाहीस. मी बारा वर्षांची होते रे."

"आणि तो नालेचा खिळा?"

"तुम्ही पोरं विचारायचात ना, कसा केला म्हणून. मग काय करतील?"

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पेटतो का अजून?"

मी नवा खडा घातला, कापसावर पेट्रोल सोडले. तिसऱ्या फटक्याला ज्योत उभी राहिली. आत्याने तिच्यावर निरांजन लावले. पेट्रोलच्या ज्योतीवर निरांजन पाहून सौ. काहीतरी बोलणार होती. पण बोलली नाही. आत्याने मला ओवाळले आणि तबक तसेच हातात धरून ती भिंतीवरच्या फोटोकडे वळली.

माझ्या नोंदवहीत त्या लायटरपुढे 'कुत, १९१६' असे लिहिलेले होते. त्या रात्री ते खोडून मी 'खडकी, १९४३' असे लिहिले. शेऱ्याचा रकाना बराच वेळ कोरा होता. मग त्यात लिहिले : 'चिंचेने घासलेला. दर दिवाळीला घासावा.'