पोळेतील ओटे

मराठी कानाला ‘पोळ’ म्हटले की मोकाट बैल आठवतो. अहमदाबादेत मात्र हा शब्द संस्कृत ‘प्रतोली’वरून आला आहे आणि त्याचा अर्थ दरवाजा. १४११ साली वसलेल्या या शहराच्या जुन्या भागात अशा शेकडो पोळा आहेत. एक मोठा दरवाजा, आत वळणावळणाची अरुंद गल्ली, एकमेकांना खेटून उभी लाकडी नक्षीची घरे. कुठे देरासर, कुठे चौकात उंच खांबावर पाखरांना दाणे घालण्याचा चबुतरा.

गल्ली अरुंद असल्यामुळे भर वैशाखातही सावली मिळते, आणि घराच्या मधला उघडा चौक गरम हवा वर सोडतो. त्या चौकाखाली टांके असते. पहिल्या पावसाने छप्पर धुऊन निघाले की पुढचे पाणी नळाने या चुनागच्ची हौदात उतरवायचे आणि अंधारात झाकून ठेवायचे, अशी तेथील रीत. पिण्यासाठी ते वर्षभर पुरे. पाणी गाळून पिणाऱ्या घरांना त्याचे मोल सांगावे लागत नसे.

परंतु वस्तीचे आरोग्य पाण्या-वाऱ्यावरच ठरत नाही. प्रत्येक घरापुढे ओटा असतो. भाजी तेथेच निवडली जाते, मुले तेथेच पाढे म्हणतात, दुपारी वृद्ध तेथेच टेकतात. रोज पहाटे देरासरात येणारे आजोबा एके दिवशी दिसले नाहीत, तर उन्हे चढण्याआधी कोणीतरी त्यांची कडी वाजवतेच. रक्तदाब मोजण्याचे यंत्र नसलेल्या काळातही ही तपासणी रोज होत होती. तिची दुसरी बाजूही आहे. कोणाकडे कोण आले, सून किती वाजता परतली, हेही ओट्यावरून सुटत नाही. शिवाय बहुतेक पोळा एकेका जातीच्या वा व्यवसायाच्या. दरवाजा आतल्यांना जपतो, तसाच बाहेरच्यांना अडवतो.

१८९२ साली साबरमतीवर एलिस पूल झाला. पुढे ऐपतदार कुटुंबे हळूहळू पलीकडच्या सोसायट्यांत गेली. त्यांना दोष देता येत नाही. पोळेत मोटार शिरत नाही, आणि उभा जिना गुडघ्यांना झेपत नाही. खटकते ते मागे राहिलेल्या घरांचे झाले ते. पुष्कळ घरे मालाची गोदामे झाली, काहींचे कोरीव खांब विकले गेले. हा व्यवहार बहुतांशी व्यापाऱ्यांनीच केला, हे व्यापारी वाचकांपुढे स्पष्ट मांडलेले बरे. गोदामाचे भाडे दरमहा वहीत जमा होते. ओट्याचे उत्पन्न कोणत्याही खात्यात दिसत नाही. म्हणून ताळेबंदात ओटा नेहमीच तोट्याचा ठरतो. गोदामाला मात्र ना आजोबा असतात, ना पाढे म्हणणारी मुले. सायंकाळी कुलूप पडले की त्या घराचे डोळेच मिटतात, आणि अशी चार घरे ओळीने आली की गल्लीचा तेवढा भाग रात्री कोणाचाच राहत नाही.

जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली. भारतात हा मान प्रथम याच शहराला मिळाला. सकाळी पर्यटकांचे जथे वाटाड्यामागून पोळांमधून फिरतात, दरवाजांची छायाचित्रे घेतात. नांदत्या घराच्या ओट्यावर त्या वेळी मेथी निवडणे चालू असते. शेजारच्या दारावर कुलूप असते, आणि त्याच्या ओट्यावर मालाची खोकी रचलेली असतात.