वेल्डिंग की नटबोल्ट?

माझे वडील वेल्डर आहेत. साकीनाक्याच्या एका गाळ्यात गेली सव्वीस वर्षे ते ग्रिल, गेट, लोखंडी जिने आणि पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे जोडत आले आहेत. अशा माणसाने हातात पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला "वेल्डिंग नको" असे सांगावे, हे म्हणजे हलवायाने पेढे खाऊ नका म्हणण्यासारखे झाले! गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. सुट्टीत मी त्या गाळ्यावर बिले लिहायला बसते.

झाले असे. मुलुंडचे एक तरुण डॉक्टर आपली थार घेऊन आले. पावसाळ्यात मित्रांबरोबर सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गाडी घालण्याचा त्यांना नाद. एका ओढ्यात गाडी काळ्या दगडावर बसली आणि दाराखालचा पत्र्याचा उंबरठा असा चेपला की डावे दार उघडेना. म्हणून त्यांना 'रॉक स्लायडर' बसवून हवे होते. वाचकांपैकी पुष्कळांना हा शब्द माझ्यासारखाच नवा असेल. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये, दाराखालून जाणारा, चेसिसला जोडलेला जाड पाइप म्हणजे रॉक स्लायडर. गाडीत चढताना पाय ठेवायची चकचकीत पायरी ती ही नव्हे. पायरीवर माणूस उभा राहतो, स्लायडरवर प्रसंगी अर्धी गाडी उभी राहते. दगड उंबरठ्याला लागायच्या आत पाइपला लागावा आणि गाडी त्याच्यावरून घसरत पुढे जावी, एवढेच त्याचे काम.

डॉक्टर म्हणाले, "काका, सरळ चेसिसला वेल्ड करून टाका. एकदम पक्कं."

अण्णा बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. बराच वेळ नुसती ठोकठोक ऐकू येत होती. बाहेर आले ते कपाळाला ग्रीस लावूनच. "बोल्टवर बसवू," ते म्हणाले. "चेसिसला मी होल्डर लावणार नाही."

शेठ गल्ल्यावरून उठून आले. सणाचे दिवस, चार गेटे अर्धवट पडलेली. वेल्डिंगने जे काम दुपारपर्यंत संपले असते त्याला बोल्टच्या पट्ट्या कापणे, भोके पाडणे, माप जुळवणे यात दोन दिवस जाणार. "गिऱ्हाईक मागतंय ते द्या की! तुम्हाला काय करायचंय?" शेठचा आवाज चढला. अण्णा आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, "मग दुसऱ्याकडून करून घ्या." मी बिलबुकात मान घातली. असे वाक्य ज्या माणसाकडून पगार घ्यायचा त्याला ऐकवायचे असते का?

मग अण्णांनी एक गंमत केली. भंगारातली एक पट्टी व्हाइसमध्ये धरली, तिच्यावर लोखंडाचा एक तुकडा आडवा वेल्ड केला, गार होऊ दिला, आणि पट्टीला पाना अडकवून ती मागेपुढे वाकवू लागले. वीस-पंचवीस हेलकाव्यांनंतर पट्टी तुटली. ती वेल्डमध्ये तुटली नाही; वेल्डच्या कडेला, केसभर बाहेर तुटली. "तुटतं ते वेल्डिंग नाही," अण्णा म्हणाले, "त्याच्या शेजारचं लोखंड तुटतं."

त्यामागचे कारण मला नंतर समजले. थारसारख्या गाडीची चेसिस शिडीसारखी असते: दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पायऱ्या. एक चाक दगडावर चढले आणि तिरक्या कोपऱ्यातले दुसरे खड्ड्यात गेले की ही शिडी पिळते. ती थोडी पिळावी अशीच तिची रचना असते. आता तिच्या कुशीला जाड पाइप तीन-चार ठिकाणी वेल्ड केला, तर तेवढा भाग ताठ होतो, आणि सगळा पीळ त्या ताठ भागाच्या टोकाशी येऊन साठतो. नेमके तिथेच लोखंड काही सेकंद वितळण्याइतके तापून झपाट्याने गार झालेले असते. तिथेच चीर सुरू होते. मालट्रकची चेसिस आजही बहुधा रिव्हेट व बोल्ट यांनी जोडलेली असते, त्याचे एक मोठे कारण हेच.

डॉक्टर हसून म्हणाले, "आम्हीपण मोडलेल्या हाडाला पट्टी स्क्रूनंच लावतो. चालेल, काका, बोल्टच लावा." शेठ काही न बोलता गल्ल्यावर जाऊन बसले.

माझे मात्र समाधान झाले नव्हते. तर्कशास्त्राच्या तासाला बसून बसून वाद घालायची खोड लागली आहे! रात्री साकीनाक्याहून असल्फ्याला चालत येताना मी म्हणाले, "अण्णा, रेल्वेनं काय केलं? पूर्वी तेरा तेरा मीटरचे रूळ फिशप्लेटा आणि बोल्ट लावून जोडायचे, म्हणून खडखड व्हायची. आता रूळ वेल्ड करतात. एवढी मोठी रेल्वे बोल्टाकडून वेल्डिंगकडे गेली, आणि तुम्ही उलटे?"

"रूळ स्लीपरला जखडलेला असतो, पोरी. तो पिळत नाही. आणि घाटकोपरला प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन बघ. एखाद्या वेल्डवर फुगीर पोटाची पट्टी बांधलेली दिसेल. वेल्डचा भरवसा वाटत नसला की रेल्वेसुद्धा पट्टी बांधते."

(सुट्टी संपल्यावर मी मुद्दाम पाहिले. अशी एक पट्टी खरोखरच दिसली. दोन वर्षे रोज त्याच फलाटावरून कॉलेजला येते; कधी लक्ष गेले नव्हते.)

चढण लागली तसे अण्णा थांबले. आमची वस्ती डोंगरावर आहे, आणि धुराने त्यांना हल्ली दम लागतो. तिथे, एका बंद दुकानाच्या फळीवर बसून, त्यांनी मला जे सांगितले ते आईलाही ठाऊक नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराच्या जुन्या जीपला त्यांनी असेच पाइप लावून दिले होते. सरळ चेसिसला वेल्ड करून. प्रत्येक पायाला दांड्याच्या उंचीभर, वरून खालपर्यंत वेल्ड मारले. "काम बघण्यासारखं झालं होतं. मण्यांची माळ जशी." तिसऱ्या पावसाळ्यानंतर तो माणूस जीप घेऊन परत आला. काही बोलला नाही. अण्णांना गाडीखाली झोपायला लावले आणि स्वतः बॅटरी धरली. वेल्डच्या कडेपासून निघालेली चीर दांड्यात बोटभर वर गेली होती. तीत नख जात होते. त्याच जीपमधून तो दर शिमग्याला बायकामुलांना घेऊन कोकणात जात असे.

अण्णांनी चिरेच्या टोकाला भोक पाडले, म्हणजे ती पुढे सरकत नाही. चीर घासून भरली. वर लांब पट्टी लावली आणि तिचे वेल्ड दांड्याच्या लांबीने घेतले, आडवे नाही. पैसे घेतले नाहीत. "त्या माणसानं चार शिव्या दिल्या असत्या ना, तर बरं झालं असतं," एवढे म्हणून ते उठले.

त्यानंतर मी वाद घातला नाही.

पुढचे दोन दिवस मी बिलबुक सोडून त्या कामाभोवतीच होते. गंमत अशी की बोल्टच्या स्लायडरलाही वेल्डिंग लागतेच. पाइपला पाय, पायांना जाड पट्ट्या, हे सगळे अण्णांनीच वेल्ड केले, आणि मोकळ्या हाताने केले. ते सगळे चेसिसच्या बाहेर होते, म्हणून. पट्ट्यांची भोके चेसिसला कारखान्यातूनच आलेल्या भोकांशी जुळवली. नवे भोक पाडायची वेळ आलीच तर ते दांड्याच्या कुशीत मधोमध पाडावे. वरच्या-खालच्या कडेला कधीही नाही, कारण ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. आणि दांडा बंद पेटीसारखा असेल तर आरपार बोल्टभोवती आत नळीचा तुकडा घालावा, नाहीतर आवळताना पेटीच चेपते.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा होता. तो काय, हे मी शोधून काढले. पहिला आठ म्हणजे तुटण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसण्याची ताकद. दुसरा आठ म्हणजे तिच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट ताणून कायमचा लांबत नाही. त्या हिशेबाने १२ मिलिमीटरचा एक बोल्ट जवळजवळ पाच टन ओढ सहज सोसतो. गाडीच सारी पावणेदोन टनांची. मी हा हिशेब मोठ्या ऐटीत मांडला, तर अण्णा म्हणाले, "बोल्टाच्या ताकदीवर जोड उभा नसतो. आवळण्यावर असतो." पट्टी आणि चेसिस एकमेकींना घट्ट चिकटून राहिल्या तर भार त्यांच्या घर्षणावर जातो. बोल्ट सैल झाला की पट्टी हलते, भोक लंबगोल होते, आणि मग आठ काय नि दहा काय!

बोल्टची ही उणी बाजू अण्णांनी डॉक्टरांपासून लपवली नाही. आवाज येऊ शकतो, फटीत चिखल बसून गंज धरतो, पुन्हापुन्हा आवळावे लागते. जुन्या, भोके झिजलेल्या जीपला, नीट लांब पट्टी घालून, वेल्डिंग हाच उपाय असतो, हेही त्यांनी सांगितले. कायद्याचीही आठवण दिली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मूळच्या नोंदीबाहेरचे बदल करू देत नाही. त्याच आधारे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढच्या क्रॅश गार्डांविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवले होते. "उद्या कुणी काढा म्हणालं तर बोल्ट पान्यानं निघतील. वेल्ड काढायला कटर लागेल, आणि कटर चेसिसलाही चावेल."

शेवटी १२ चे बोल्ट सुमारे ८० न्यूटन-मीटरला आवळले. तो टॉर्क पाना शेठचा, कपाटात कुलपात असतो; शेठने तो स्वतः काढून दिला. माझ्याकडे एक काम आले. प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

जानेवारीत डॉक्टर परत आले. स्लायडरच्या पोटावरचा रंग खरवडून गेला होता, मागचा एक पाय किंचित वाकला होता, आणि दाराच्या उंबरठ्याला ओरखडाही नव्हता. मी बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले. डाव्या बाजूच्या साऱ्या रेघा शाबूत होत्या. उजवीकडे, मागच्या पायाजवळ, दोन तुटलेल्या.

"दोन सैल आहेत, अण्णा."

गाडीखाली एक हात आला, त्यात टॉर्क पाना होता. "आवळ," अण्णा म्हणाले. "टक् वाजलं की थांब."