आंबाघाटाहून कोल्हापुरास: ट्रकच्या पाठीवरून

रत्नागिरीहून कोल्हापुरास यावयाचें म्हणजे साखरपा मागें टाकून आंबाघाट चढावा लागतो. ही चढण डोळ्यांस जितकी सुखकर, तितकीच मोटारीची परीक्षा पाहणारी. गेल्या वैशाखांत आमची मोटार या परीक्षेंत नापास झाली. घाट संपला, आंबा गांव मागें पडलें, आणि मलकापूरच्या वाटेवर इंजिन एकाएकी बंद पडलें. गाडींत वृद्ध मातोश्री, सौ. आणि दोन मुलें, ऊन कललेलें.

इतक्यांत एक मालमोटार थांबली. चालक मोठा सज्जन. "पाव्हणं, दोर लावतो की! मलकापुरापतूर नेऊन सोडतो." मी होकार देणार, तोंच मातोश्रींनीं विचारलें, "अरे, बंद गाडीचा ब्रेक लागतो का?"

मी चपापलों. आजच्या मोटारींत ब्रेक दाबण्यास केवळ पायाचें बळ पुरत नाहीं. चालू इंजिनाच्या शोषणानें निर्माण होणारी पोकळी त्यास साहाय्य करते. इंजिन थांबलें कीं एकदोन वेळां दाबतांच तें साहाय्य संपतें व ब्रेक दगडासारखा होतो. स्टिअरिंगही जड होतें. उतारावर अशी गाडी पुढच्या वाहनावर आदळावयास कितीसा वेळ? त्या भल्या माणसाचे आभार मानून आम्हीं त्यास निरोप दिला.

मग विमापत्रांतील मदतीचा क्रमांक फिरविला. (राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावरही अहोरात्र मदत मागतां येते.) गाडीमागें लाल त्रिकोण ठेवला, मंडळींना एस्. टी. नें पुढें धाडलें, आणि मी रस्त्यापासून दूर झाडाखालीं बसलों.

तीन तासांनीं कोल्हापुराहून सपाट पाठीचा ट्रक आला. त्याच्या तरुण चालकानें प्रथम मोटारीचीं चारी बाजूंनीं छायाचित्रें घेतलीं, म्हणजे पुढें ओरखड्यांवरून वाद नको. नंतर विचारलें, "काका, गाडी ऑटोमॅटिक हाय काय?" अशा गाडीच्या गिअरपेटींतील तेलाचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद असतां चालतीं चाकें जमिनीवर ठेवून ती ओढल्यास गिअरपेटी जळण्याचें भय. मग त्यानें जादा चाकाजवळच्या हत्यारांतून आंकडा काढून बंपरमागच्या भोंकांत पिळला, पोलादी दोरानें गाडी हळूहळू वर घेतली आणि चारी चाकें पट्ट्यांनीं आवळलीं.

वाटेंत कळलें कीं, त्याचे आजोबा उद्यमनगरांत ओतकाम करीत. बाबूराव पेंटरांनीं १९१८ च्या सुमारास स्वतःचा सिनेकॅमेरा घडविला तो याच नगरींत! यंत्राशीं अदबीनें वागण्याची रीत येथें पिढ्यान् पिढ्या चालत आली असावी. वाघबिळापाशीं पन्हाळ्याची काळी आकृति दिसली. पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हां रात्रीचे दहा वाजले होते.

वाचकांस एवढेंच सांगणें: प्रवासापूर्वीं विमापत्रांत ही सोय आहे कीं नाहीं तें पाहावें, नसल्यास भाडें आधीं ठरवून पावती घ्यावी, आणि घाईनें दोर बांधूं नये. घरीं पोहोंचतांच मातोश्रींनीं विचारलें, "त्या मुलाला जेवायला थांबवलंस ना?" तो मात्र दुसऱ्या कुणाच्या बंद गाडीकडे निघून गेला होता.