शिल्लक

मी बी. कॉम. आहे. हे अभिमानानं नव्हे, खुलासा म्हणून सांगतो. कारण डोंगर दाखवला तरी मी आधी त्यात जमा-खर्च पाहतो.

मुदत ठेव मोडून आम्ही उभयता तुर्कस्तानातल्या कपाडोकियाला गेलो, तेव्हा गाइडचं बोलणं मला म्हणूनच चटकन पटलं. एर्जियेस, हसन अशा ज्वालामुखींच्या या मुलखात लाखो वर्षं राख जमा झाली. तिचा मऊ खडक झाला. वारा आणि पाऊस तेव्हापासून त्यातून थोडी थोडी रक्कम काढताहेत. डोक्यावर कठीण दगडाची टोपी होती, तो सुळका तेवढा टिकला. थोडक्यात, देखावा म्हणजे शिल्लक!

"आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच ना हो?" हिनं विचारलं.

"हो, पण तो लाव्ह्याचा. कठीण."

"तुमच्या साहेबांसारखा," ही म्हणाली.

इथला बेसिल हा धर्मगुरू ३७० साली बिशप झाला. त्याच्या काळापासून ख्रिस्ती साधू या भागात वस्ती करून राहिले. पुढे गोरेमेला डोंगर पोखरून चर्चं झाली. आत खांब आहेत, पण ते भार कशाचाच घेत नाहीत. असे दोघे आमच्या शाखेतही आहेत.

देरिनकुयूला तर सुमारे ८५ मीटर खोल, जमिनीखालचं गावच! हल्ला आला की माणसं गुरांसकट आत शिरायची आणि जात्याच्या तळीसारखा मोठा दगड आतून गडगडवून दार लावायची. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. इथं एकही नाही, कारण आत पैसे नव्हते, माणसं होती.

मग गाइडनं १९२३ चं सांगितलं. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल ठरवली आणि इथल्या ख्रिस्ती लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून ग्रीसला जावं लागलं. ही गप्प झाली. मीही.

आमची चाळ पाडली त्याला तीन वर्षं झाली. लिफ्टवालं घर मिळालं, तरी जुन्या खोलीची किल्ली आईच्या डब्यात अजून आहे. देरिनकुयूला दार आहे, किल्ली नाही. आमच्याकडे किल्ली आहे, दार नाही. त्या लोकांपुढे आमचं दुःख म्हणजे चिल्लर. पण चिल्लरही मोजावी लागते, हे मी वीस वर्षं कॅशवर बसून शिकलोय.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय पाहिलंस रे?"

"जमिनीखालचं गाव."

"कोण राहतं तिथं?"

"आता कुणी नाही."

"अगंबाई! मग झाडलोट कोण करतं?"